चाबुकस्वाराचा वाटा : ऑस्कर अकॅडमीला खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस,
बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया.

स. न. वि. वि.

१८ एप्रिल १९६६ ची रात्र. सँटा मोनिकाच्या सिव्हिक ऑडिटोरियममध्ये तुमचा अडतिसावा सोहळा चालू होता. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी रिचर्ड बर्टन होते, लॉरेन्स ऑलिव्हिए होते, रॉड स्टायगर आणि ऑस्कर वेर्नर होते. सगळ्यांच्या भूमिका जड, गंभीर. पाचवे ली मार्विन, आणि त्यांची भूमिका काय, तर 'कॅट बॅलू' नावाच्या विनोदी वेस्टर्नमधला एक दारुडा बंदूकबाज. नाव मार्विन यांचंच पुकारलं गेलं. ऑस्करची बाहुली हातात घेऊन ते अगदी थोडं बोलले. त्यातलं एक वाक्य पुढे सगळीकडे गेलं : या बक्षिसातला अर्धा वाटा तिकडे व्हॅलीत कुठेतरी असलेल्या एका घोड्याचा आहे.

लोक ते वाक्य गंमत म्हणून सांगतात. मला ते अगदी चोख हिशोबासारखं वाटतं, आणि तो हिशोब अजून पुरता झालेला नाही, म्हणून हे पत्र.

मी माथेरानची. आमच्या गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे गावाचं पोट पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांवर चालत आलं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अश्वपाल. घरात आधी घोड्याचा चंदी-चारा, मग आमचं जेवण. त्यामुळे पडद्यावर घोडा आला की माझं लक्ष नायकाकडे राहत नाही. ते घोड्याच्या कानांकडे, खुरांकडे आणि लगामाच्या ओढीकडे जातं.

'कॅट बॅलू'तला तो घोडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पुढचा चित्रपट दिसेना. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. १८९४ सालचं वायोमिंग. शिकून शिक्षिका होऊ पाहणारी कॅथरिन बॅलू, म्हणजे जेन फोंडा, घरी परतते, तर वडिलांची जमीन बळकवायला बडी मंडळी टपलेली. पुढे वडिलांचा खून होतो. खुनी टिम स्ट्रॉन, ज्याच्या तुटलेल्या नाकावर चांदीचं नाक बसवलेलं आहे. त्याच्यापासून वडिलांना वाचवायला तिने आधीच किड शेलीन नावाच्या बंदूकबाजाला बोलावून घेतलेलं असतं. त्याचे पराक्रम तिने स्वस्तातल्या कादंबऱ्यांत वाचलेले असतात. प्रत्यक्षात घोडागाडीच्या सामानातून खाली घरंगळतो तो तर्र झालेला, चार पावलं सरळ न टाकता येणारा माणूस. स्ट्रॉन आणि शेलीन, दोन्ही ली मार्विनच. शेवटी कळतं की ते एकमेकांचे भाऊ आहेत.

या शेलीनचा घोडाही मालकासारखाच. शहरातल्या एका भिंतीला तो कलून उभा आहे, पायात पाय अडकवून, जणू त्यानेही रात्रभर ढोसली आहे. वर खोगिरात मार्विन, मान खाली गेलेली, सगळं शरीर ओल्या पोत्यासारखं एका बाजूला ओघळलेलं. दोघांचा तोल एकच. माणूस पडला तर घोडा पडेल आणि घोडा हलला तर माणूस, असं वाटत राहतं, आणि कुणीच पडत नाही.

हे चित्र मी आबांना दाखवलं. आबांना इंग्रजी येत नाही, गोष्ट त्यांना मी मध्ये मध्ये सांगत होते. त्या घोड्याचा प्रसंग आला आणि आबा म्हणाले, "मागे घे." पुन्हा पाहिलं. पुन्हा म्हणाले, "मागे घे." तीन वेळा पाहून झाल्यावर म्हणाले, "हा शिकवलाय. मारून घोडा असा उभा राहत नाही."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ घोड्यांत वावरलेल्या कुणालाही कळेल. घोडा उभ्याउभ्या झोपतो. सांधे अडकवून घेण्याची सोय निसर्गानेच त्याला दिली आहे. विसावा घ्यायचा तर तो मागचा एक पाय सैल सोडतो, खूर टोकावर टेकवतो, आणि भार उरलेल्या तिघांवर टाकतो. पायात पाय अडकवणं त्याच्या स्वभावात नाही. पळून जाणं हेच ज्या जनावराचं एकमेव हत्यार, ते स्वतःचे पाय स्वतःहून कशाला गुंतवून घेईल? त्यातून भिंतीला चिकटून, पाठीवर माणूस कललेला, समोर दिवे, कॅमेरा, पन्नास माणसं. अशा वेळी तो तसा उभा राहतो याचा अर्थ एकच. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, हातभर अंतरावर, त्याचा माणूस उभा आहे, आणि त्या माणसावर घोड्याचा भरवसा आहे.

त्या माणसाला आमच्या मराठीत नेमका शब्द आहे : चाबुकस्वार. शब्दात चाबूक आहे म्हणून दचकू नका. मोतद्दार घोड्याला खरारा करतो, दाणापाणी बघतो. नालबंद नाल ठोकतो. चाबुकस्वार घोड्याला चाल शिकवतो, आणि चांगल्या चाबुकस्वाराच्या हातातला चाबूक नुसता दिसण्यापुरता असतो. मार्विन यांच्या भाषणात घोडा आला. चाबुकस्वार आला नाही. दोष मार्विन यांचा नाही. त्यांनी निदान अर्धं बोट तरी त्या दिशेने दाखवलं. पुढचं बोट दाखवणं हे तुमच्या संस्थेचं काम होतं.

'कॅट बॅलू'च मी का धरून बसले आहे, तेही सांगते. हा चित्रपट असाच, दिसत नसलेल्या कष्टांवर उभा आहे. रॉय चॅन्स्लर यांची मूळ कादंबरी गंभीर होती. वॉल्टर न्यूमन आणि फ्रँक पिअरसन या दोन पटकथाकारांनी तिचा विनोद केला, तोही मूळच्या दुःखाला धक्का न लावता. वडिलांचं पार्थिव ठेवलंय, भोवती मेणबत्त्या लावल्यात, आणि झिंगलेला शेलीन आत येतो, मेणबत्त्या पाहतो, त्याला वाटतं कुणाचा तरी वाढदिवस आहे, तो वाढदिवसाचं गाणं म्हणत फुंकर मारतो. हसू येतं आणि त्याच क्षणी पोटात कालवतं. असा प्रसंग कागदावर लिहिणं अवघड, वठवणं त्याहून अवघड. मार्विन यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात लढताना सायपान बेटावर गोळी खाल्ली होती. थकलेला, मोडलेला लढवय्या कसा दिसतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि नॅट किंग कोल. ते आणि स्टबी के गावात, रस्त्यावर, अगदी फाशीच्या तख्ताजवळही हातात बॅन्जो घेऊन गोष्ट गात फिरतात. आमच्याकडे पोवाडा गाणारा शाहीर जसा प्रसंगाच्या आतही असतो आणि बाहेरही, तसेच हे दोघे. कोल यांचा चेहरा पूर्ण चित्रपटभर हसरा आहे. चित्रीकरण १९६४ मध्ये झालं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि १५ फेब्रुवारी १९६५ ला ते गेले. वय ४५. चित्रपट प्रदर्शित झालेला त्यांनी पाहिला नाही. शेरीफची भूमिका करणारे जे सी. फ्लिपेन यांचा पाय याच चित्रपटाच्या काळात गँगरीनने गेला, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कामं केली. दिग्दर्शक एलियट सिल्व्हरस्टीन हे दिग्दर्शकांच्या हक्कांसाठी झगडलेले गृहस्थ. आपण चित्रित केलेल्या चित्रपटाची पहिली जोडणी दिग्दर्शकालाच करता यावी, हा हक्क १९६४ मध्ये मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ज्याचं काम त्याच्या नावावर, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि पटकथाकार फ्रँक पिअरसन तर तुमचेच. २००१ ते २००५ ते तुमच्या अकॅडमीचे अध्यक्ष होते. तो घोडा ज्या पटकथेच्या वाटेवरून चालला, ती लिहिणारा माणूस तुमच्या खुर्चीत बसून गेला आहे. म्हणून मला वाटतं की हे पत्र परक्या दारात टाकलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. १० एप्रिल २०२५ ला तुम्ही जाहीर केलंत की शंभराव्या सोहळ्यापासून, म्हणजे २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांसाठी, स्टंट डिझाइनचा स्वतंत्र पुरस्कार सुरू होईल. हे वाचून आमच्या घरात खरंच आनंद झाला. या पुरस्काराचे सविस्तर नियम २०२७ मध्ये येणार असंही तुम्हीच सांगितलं आहे. माझी विनंती त्या नियमांबद्दल आहे. ज्या चित्रपटातल्या स्टंटचा कणा घोडा किंवा दुसरं जनावर असेल, तिथे त्याला शिकवणाऱ्या मुख्य माणसाचं नाव नामांकनात स्टंट समन्वयकाच्या बरोबरीने असावं. तोंडदेखल्या आभारांत नको, बाहुलीवर कोरल्या जाणाऱ्या नावांत असावं.

तुमच्या इतिहासात याला आधार आहे. मार्विन यांच्या भाषणानंतर वर्षभरात, एप्रिल १९६७ मध्ये, तुम्ही याकिमा कनट यांना मानद ऑस्कर दिलात. स्टंटसाठी, आणि स्टंट करणाऱ्यांचा जीव वाचवणारी साधनं घडवल्याबद्दल. कनट मूळचे रोडिओचे, म्हणजे अमेरिकेतल्या घोडेस्वारीच्या खेळांचे गडी, घोड्यांतले. तो सन्मान योग्यच होता. पण त्यांनी ज्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत उभी केली, त्या शर्यतीचे सत्तरहून अधिक घोडे शिकवले ग्लेन रँडल यांनी. पडद्यावरचे काउबॉय रॉय रॉजर्स यांचा प्रसिद्ध घोडा 'ट्रिगर' शिकवणारेही तेच. 'बेन-हर'ला अकरा ऑस्कर मिळाले. छायाचित्रण, संकलन, वेशभूषा, ध्वनी, सगळ्यांना वाटा मिळाला. चार घोडे एका रथाला, एका ओळीत, एका वेगात, वळणावर आतला घोडा आखडता आणि बाहेरचा लांब पावलाचा, हे ज्याने त्यांच्या अंगवळणी पाडलं त्याला त्या अकरांतला एकही नाही. मी ती शर्यत पाहते तेव्हा मला रँडल दिसतात. तुम्हालाही ते दिसावेत.

हा फक्त मानाचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. यात घोड्याच्या जिवाचा प्रश्न आहे. एके काळी तुमच्या गावात घोडा पाडायचा म्हणजे त्याच्या पुढच्या पायांना तार बांधायची आणि तो भरधाव असताना ती ताणायची. घोडा तोंडावर आपटायचा, पुष्कळदा पुन्हा उठायचा नाही. १९३९ च्या 'जेसी जेम्स'साठी घोडा उंच कड्यावरून पाण्यात पाडला गेला आणि मेला. लोक संतापले, आणि १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन ही संस्था चित्रीकरणावर लक्ष ठेवू लागली. तारेची जागा कशाने घेतली? शिकवलेल्या घोड्याने. पडण्याची जागा आधी खणून माती मऊ केलेली, स्वाराने लगाम एका बाजूला वळवला की घोडा स्वतःहून आडवा होतो, आणि उठून अंग झाडतो. हे घोड्याच्या गळी उतरवायला महिने जातात, तारेला दोन मिनिटं पुरायची. ज्या कामाला महिने लागतात त्याला उद्योगाने मान दिला नाही तर दोन मिनिटांचा मार कुणाला ना कुणाला पुन्हा सुचणार, ही माझी खरी भीती आहे. पुरस्कार म्हणजे उद्योगाने काय मोलाचं मानलं, याची जाहीर खूण असते.

तुम्ही म्हणाल, दरवर्षी जनावरांचं काम असलेले पुरेसे चित्रपट येतातच असं नाही. खरं आहे. आता तर संगणकाने घोडा बनवतात. म्हणूनच मी वेगळा वार्षिक वर्ग मागत नाही. स्टंटच्या नियमात जागा द्या, आणि ज्या वर्षी काम तसंच अलौकिक असेल त्या वर्षी विशेष पुरस्कार द्या, जसा तुम्ही इतर कामांना दिला आहे. २०१२ मध्ये 'द आर्टिस्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला तेव्हा त्यातला कुत्रा, उगी, सगळ्या चमूबरोबर तुमच्या मंचावर आला होता. २०२४ च्या सोहळ्यात मेसी नावाचा कुत्रा प्रेक्षागृहात दिसला आणि जग हरखलं. जनावर तुम्हाला मंचावर चालतं, खुर्चीत चालतं. मग त्याला शिकवणाऱ्याचं नाव पाकिटात का चालू नये?

नवा वर्ग किंवा नवी जागा कुठवर पोचते ते आम्हा मराठी माणसांना अनुभवाने माहीत आहे. १९४९ च्या सोहळ्यापर्यंत वेशभूषेला तुमच्याकडे पुरस्कारच नव्हता. मग तुम्ही तो सुरू केलात. आणि १९८३ मध्ये आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्याच वर्गातून भारतातल्या पहिल्या ऑस्कर विजेत्या झाल्या. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली नीट सांभाळली जावी म्हणून तुमच्याच हवाली केली. वेशभूषाकार पडद्यावर दिसत नाही, त्याने शिवलेलं कापड दिसतं. चाबुकस्वारही दिसत नाही, त्याने शिकवलेलं पाऊल दिसतं. त्या वेळी कुणीतरी तुमच्या बैठकीत शिंप्यांची बाजू मांडली असणार. यंदा कुणीतरी घोड्यांच्या माणसांची मांडावी.

आणखी एक मागणं, ते तुमच्या संग्रहालयाकडे आणि मार्गारेट हेरिक ग्रंथालयाकडे. जुन्या वेस्टर्न चित्रपटांच्या रोजच्या कामाच्या याद्या, पगारपत्रकं, चित्रीकरणाच्या नोंदी यांत या माणसांची नावं असतात. त्या काळच्या श्रेयनामावलीत मोजकीच नावं यायची, घोडेवाल्यांपर्यंत ती सहसा पोचायची नाहीत. ती नावं वेचून काढा, लोकांसमोर मांडा. सुरुवात त्या भिंतीला कललेल्या घोड्यापासून करा. ज्याचा अर्धा वाटा तुमच्याच मंचावरून जाहीर झाला, तो चुकता करायला यापेक्षा सोपी जागा नाही.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते आहे याचं कारण घरचं आहे. मी नववीत असताना एका चित्रपटाचं युनिट वर माथेरानला आलं होतं. त्यांना आमचा बादल हवा होता. नायकाला घोड्यावर नीट बसता येत नव्हतं, आणि प्रसंग होता कड्याच्या टोकाशी घोडा निश्चल उभा ठेवण्याचा. बादलला तसं उभं राहायचं शिक्षण आधीच होतं. एका पावसाळ्यात, पर्यटक नसताना, आबांनी त्याला दगडी ओट्याला अंग लावून थांबायला शिकवलं होतं, म्हाताऱ्या माणसांना चढता यावं म्हणून. रोज सकाळी तांबड्या चिखलात उभे राहून, खांद्यावर अंगठा हलकेच दाबायचा, घोडा बाजूला सरकला की गुळाचा खडा. सरकला नाही तर रागावणं नाही, पुन्हा पहिल्यापासून. अख्खा आषाढ-श्रावण त्यात गेला.

चित्रीकरणाच्या दिवशी आबा तीन तास उकिडवे बसले होते, बादलच्या पुढच्या पायाशी, चौकटीच्या जेमतेम खाली, एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून. नायक वर बसून संवाद म्हणत होता. वारा सुटला, छत्र्या उडाल्या, बादल हलला नाही. संध्याकाळी घोड्याचं दिवसाचं भाडं मिळालं, माणसाचं वेगळं काही नव्हतं. पुढे चित्रपट लागला तेव्हा आम्ही सगळे खाली कर्जतला पाहायला गेलो. तो प्रसंग आला, आई रडली. शेवटी नावं सुरू झाली. लोक उठून निघाले, आबा बसून राहिले. चहा देणाऱ्यांपर्यंत सगळी नावं आली. मग पडदा पांढरा झाला. आबा उठले, चप्पल शोधली आणि म्हणाले, "चला, शेवटची गाडी जाईल."

त्यावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. बादल जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

हे पत्र पाठवण्याआधी मी आबांना वाचून दाखवलं. शंभरावा सोहळा, नियम, नामांकन, सगळं ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्यांना एक विचार. भिंतीला टेकलेला तो घोडा पुढे किती वर्षं जगला? आणि शेवटपर्यंत त्याच माणसाकडे होता ना?"

कळावे, लोभ असावा.

आपली,
माथेरानच्या एका अश्वपालाची मुलगी